सातशे एकवीस भोकं

दापोडीत रेल्वेलगतच्या आळीत जाऊन कोंडीराम ओव्हाळ कुठं राहतात म्हणून विचारलंत, तर आधी उलट प्रश्न यायचा, "कोण, भोकवाले?" आपल्या लोकांना नावं ठेवायला काय वेळ लागतो! पण खोटं नव्हतं ते. या माणसानं जन्मभर लोखंडाला, पितळेला, पोलादाला भोकं पाडली. आणि एकदा, एकदाच, अशा धातूला पाडली की जो इथल्या कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि अशा इंजिनासाठी, जे जमिनीवरच्या कुठल्याच कामाचं नव्हतं.

बासष्ट साली कामशेतकडच्या एका खेड्यातून तो चिंचवडला आला. वय बावीस, शिक्षण सातवी, ओळख कुणाची नाही. हरिहरशेठ खासनिसांच्या वर्कशॉपात साफसफाईला लागला. तिथं टूलरूमचे मिस्तरी होते सदाशिव गावडे. चिंचवडगावातलेच, जुन्या घरातले, मिशीवाले, तोंडानं फटकळ. कोंडीराम झाडता झाडता मशीनसमोर थबकतो आणि ड्रिल खाली कसं उतरतं ते बघत राहतो, हे त्यांनी हेरलं. एक दिवस झाडू त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "नुस्तं बघून प्वाट भरत न्हाई लेका. ये हिकडं."

टूलरूममध्ये कुजबुज झाली. ओव्हाळ म्हणजे कोण ते सगळ्यांना कळत होतं. त्याच दुपारी सदाशिवरावांनी सगळ्यांसमोर त्याचा डबा उघडला, भाकरी मोडली, बोंबलाचं कालवण चाखलं आणि म्हणाले, "तिखाट झालंय. सांग घरी." संपली कुजबुज. कोंडीराम त्या दिवसापासून त्या माणसाचा झाला. सदाशिवरावांनी उडी मार म्हटलं असतं, तर कुठं ते न विचारता त्यानं मारली असती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही म्हणाल, कोंडीराम बावळट होता. बावळट नव्हता हो. विश्वास टाकणारा होता.

दहा वर्षांत चेला गुरूच्या पुढं गेला. सदाशिवराव स्वतःच सांगायचे, "माझा हात ऱ्हाऊ द्या, कोंडीरामचा बगा." आणि एक गोष्ट सगळ्या वर्कशॉपाला पाठ झाली. खंडेनवमीला मशीनांची पूजा व्हायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. कोंडीराम त्यात नसायचा. छप्पन्न साली त्याच्या वस्तीनं बाबासाहेबांच्या मागून धम्म घेतला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. तो आदल्या दिवशी आपलं मशीन पुसून चकचकीत करायचा आणि दोन दिवसांच्या रजेवर जायचा. दसऱ्याला बायकोला, प्रभावतीला घेऊन देहूरोडच्या विहारात. कुणी वाकडं बोललं तर सदाशिवरावच अंगावर जायचे, "त्यानं पुसलं तीच पूजा. तुमी वर्साचे तीनशे दिस मशीनवर बिड्या झाडता आन् एक दिस कुकू लावता!"

त्र्याहत्तर साली उन्हाळ्यात ते काम आलं. दक्षिणेकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेतून मृदुला केळकर नावाच्या बाई आल्या. पुण्याच्याच, तिशीच्या, सुती साडी, हातात लाकडी पेटी. पेटीत राखाडी रंगाचे पातळ पत्रे होते. मॉलिब्डेनम म्हणतात त्याला. अर्धा मिलिमीटर जाड, ताटलीएवढे गोल. बाई म्हणाल्या, असे दोन पत्रे, प्रत्येकावर सातशे एकवीस भोकं, आणि एक पत्रा दुसऱ्यावर धरला की वरचं प्रत्येक भोक खालच्या त्याच भोकासमोर आलं पाहिजे. केसाएवढा फरक चालणार नाही.

"पर हे हाय कशाचं?" सदाशिवरावांनी विचारलं.

बाईंनी समजावलं. साधं रॉकेट म्हणजे भसकन जाळ, दोन मिनिटांत सगळं खलास. हे इंजिन वेगळं. यात पाऱ्याची वाफ करायची, तिच्या कणांना विजेचा भार द्यायचा आणि या दोन पत्र्यांमध्ये जबरदस्त व्होल्टेज लावून ते कण भोकांतून बाहेर फेकायचे. कण मागं सुटले की यान पुढं सरकतं. मंगळाकडं, गुरूकडं, त्याच्याही पलीकडं जायचं तर असलंच इंजिन उपयोगाचं, कारण इंधन अगदी थोडं लागतं.

"ढकलतं किती जोरानं?"

बाईंनी टेबलावरचा मालाच्या चलनाचा कागद उचलून सदाशिवरावांच्या तळहातावर ठेवला. "एवढ्या."

टूलरूम खो खो हसली. कुणीतरी फुंकर मारून कागद उडवला. कोंडीराम हसला नाही. तो म्हणाला, "बाई, मंग ते बंद कवा करायचं?"

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. "बंद करायचंच नाही. वर अडवायला हवा नाही, काही नाही. महिनाभर, वर्षभर, दोन वर्षं ढकलत राहायचं. रोज थोडा वेग वाढतो, आणि कधीच कमी होत नाही."

"म्हंजी थांबलं न्हाई तर कागदाएवढ्या जोरानंबी गुरूवर जाता येतं."

"तेच तर म्हणतेय मी इतक्या वेळ!" बाई म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांनी शेठसमोर शब्द दिला, की हे पत्रे जो करेल त्यालाच जोडणीला प्रयोगशाळेत बोलावू, कारण जोडताना पुन्हा तोच हात लागणार. इंजिनाची चाचणी होते त्या, हवा काढून घेतलेल्या टाकीला काचेची खिडकी आहे. इंजिन पहिल्यांदा पेटेल तेव्हा त्या खिडकीशी त्यालाही उभं करू. प्रत्येक भोकातून निळ्या उजेडाचा एकेक धागा बाहेर पडताना दिसतो.

झालं. कोंडीरामला दुसरं काही सुचेना. ती खिडकी आणि तो निळा उजेड. जेवताना तेच, वाटेनं तेच. प्रभावती म्हणायची, "अवो, घास तरी बघून घ्या, मिरची खाताय."

तो धातू मात्र महाखाष्ट निघाला. ड्रिल टेकलं की कडा फुटायची, काचेसारखी. पहिल्या महिन्यात चार पत्रे वाया गेले. मग कोंडीरामनं युक्ती काढली. दोन्ही पत्रे एकत्र ठेवून वरखाली पितळेच्या जाड पट्ट्या आवळल्या, वरच्या पट्टीत सगळी भोकं आधी अचूक पाडून घेतली, आणि त्याच वाटेनं ड्रिल खाली सोडलं. दोन्ही पत्रे एकाच वेळी टोचले गेले. कडा फुटायची बंद झाली, भोकासमोर भोक आपोआप आलं. दिवसाला चाळीस, फार तर पन्नास भोकं व्हायची. चाळिसाव्या भोकानंतर हात जड वाटला की तो थांबायचा, शेठ कितीही ओरडोत.

बाईंनी एक ताकीद देऊन ठेवली होती. पत्र्याला बोट लागता कामा नये. माणसाचा घाम, तेल, धूळ, काहीही राहिलं तर टाकीत ते तापून जळतं आणि दोन पत्र्यांमध्ये ठिणगी पडते. कोंडीराम सुती हातमोजे घालून काम करायचा. शेवटी ॲसिटोननं धुऊन, कागदात गुंडाळून त्यानं पत्रे डब्यात ठेवले. डबा कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली मिस्तरींच्या हातात दिली, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती आणि तो रजेवर निघाला होता.

"मिस्तरी, डबा उघडू नका हां."

"मला शिकवतो व्हय रं?" सदाशिवराव त्याच्या पाठीत थाप मारून म्हणाले.

दसऱ्यानंतर पत्रे प्रयोगशाळेला गेले आणि महिन्याभरानं तार आली, मागोमाग पत्र आलं. जोडणीला कोंडीरामला बोलवायच्या आधी त्यांनी पत्रे कच्चे बसवून टाकीत वीज लावून पाहिली आणि पत्र्यांमध्ये ठिणग्यांचा नुसता तडतडाट झाला. पत्रे जळून काळे पडले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर भोकांच्या कडांना पिवळी पूड आणि तेलकट थर. शेठ पत्र घेऊन टूलरूममध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सदाशिवरावांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. कोंडीराम बाहेर मशीनपाशी उभा होता आणि त्याला काही म्हणजे काही उमगत नव्हतं. पिवळी पूड आली कुठून?

रविवारी सकाळी सदाशिवराव दापोडीला त्याच्या घरी आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. प्रभावतीनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. सदाशिवराव बराच वेळ मिशीवरनं हात फिरवत बसले, आणि मग या एवढ्या थोरल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्याच लावली हळद, कोंडीराम. राहावलं न्हाई रं. सगळ्या मशीनींची पूजा झाली, आन् माझ्या मनात आलं, ह्या टूलरूममदी आजवर झालेलं सगळ्यात भारी काम कपाटात कोंडून ठिवलंय. शेट म्हनले, काढा, त्याला पैला मान. म्या चौरंगावर मांडलं, हळदकुकू वाहिलं, निरांजन ववाळलं. मंग पुसून ठिवलं रं परत, सोच्छ फडक्यानं पुसलं."

फडकं कुठलं असणार ते कोंडीरामला कळलं. टूलरूममध्ये तेल न लागलेलं फडकं होतंच कुठं! पण खरं सांगू? त्याला राग आला नाही. उलट भडभडून आलं. ज्या माणसानं त्याला भोक पाडायला शिकवलं, त्यानं त्याच्या कामाला ओवाळलं होतं. आता अशा माणसावर रागवायचं कसं?

"जाऊ द्या मिस्तरी. पुन्यांदा करू. पितळी पट्ट्या हायतच."

"तेच म्हनतो मी." सदाशिवरावांनी खिशातून कागद काढला. टाइप केलेला, इंग्रजीत. "लॅबला लिहून पायजे, चूक कशी झाली त्याचं. शेट स्वताचं नाव घालायचे न्हाईत. माजं नाव घातलं तर मिळायची फोरमनची जागा गेली, वर घरी बशीवतील. तुजं काय, तू कारागीर, तुज्याबिगर त्यांचं पान हालत न्हाई. हितं एवढंच लिवलंय, हाताळताना चूक झाली म्हनून. सही कर, की दुसरी जोडी तुज्याच हातात येती."

आतून प्रभावती म्हणाली, "जे केलं न्हाई त्याच्यावर सही करायची न्हाई."

"तू गप," कोंडीराम म्हणाला. "मिस्तरी खोटं सांगत्यात व्हय?"

आणि त्यानं सही केली. मराठीत, ठळक अक्षरात, खाली रेघ ओढून. सदाशिवरावांनी कागद घडी करून खिशात घातला आणि चहा अर्धा टाकूनच उठले.

दुसरी जोडी जानेवारीत आली. कोंडीराम सकाळी हातमोजे धुऊन घेऊन आला, तर त्याच्या मशीनपाशी सदाशिवराव उभे होते आणि पितळी पट्ट्या आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "तुला भायेरच्या शेडमदी टाकलंय. ब्रॅकेटं हायती ड्रिलिंगला. लॅबचा हुकूम हाय, माजं काय न्हाई त्यात."

लॅबचा हुकूम? कोंडीराम तसाच ऑफिसात गेला. तिथं पद्मजाबाई टाइपिस्ट होत्या, अबोल, मान खाली घालून काम करणाऱ्या. त्यानं हात जोडले. "बाई, तेवढं लॅबचं पत्र वाचून दाखवा." त्या आधी नाही म्हणाल्या, मग दाराकडं बघत फाइल उघडली. पत्रात लिहिलं होतं: ज्याच्या हातून हे झालं त्याचं लेखी निवेदन पाठवावं, आणि त्या माणसाला या कामाजवळ पुन्हा येऊ देऊ नये.

"तारीख काय हाय?"

पद्मजाबाईंनी सांगितली. तो रविवार आणि ही तारीख, मध्ये चांगले पाच दिवस. पत्र आधीचं.

"मिस्तरींना ठावं हुतं?"

"मीच वाचून दाखवलं त्यांना. मराठीत. शनिवारी." त्यांचा आवाज खाली गेला. "तुमचं निवेदनही मीच टाइप केलं, कोंडीराम. शेठ सांगत होते तसं. त्यात लिहिलंय की घरच्या पूजेची हळद हाताला लागलेली असताना मी पत्रे हाताळले. मी काय करणार? मलाही नोकरी आहे."

घरच्या पूजेची! कोंडीरामला आधी हसूच आलं. हो, हसू. अख्ख्या वर्कशॉपात दीडशे माणसं, त्यातल्या एकशे एकोणपन्नास जणांच्या हाताला त्या दिवशी हळद असू शकत होती, एकट्या त्याच्या सोडून. आणि शोधून शोधून त्याच्याच हाताला लावली! हसता हसता तो तिथंच बाकावर बसला. हळद पत्र्याला लावली ती माया होती, हे त्यानं कबूल केलं असतं जन्मभर. पण ही दुसरी हळद सदाशिवरावांनी जाणूनबुजून, विचार करून, त्याच्या घरी येऊन, त्याचा चहा पिऊन लावली होती. त्याच दुपारी ब्रॅकेटांच्या शेडमध्ये त्यानं डबा उघडलाही नाही.

मार्चमध्ये मृदुलाबाई पत्रे न्यायला आल्या. कोंडीराम शेडमधून धावत आला, तेलकट हातांनीच, आणि टूलरूमच्या दारात उभा राहिला. आत शेठ होते, सदाशिवराव होते, सगळे होते.

"बाई, एक बोलायचंय."

बाईंचा चेहरा ताठ झाला. "कोंडीराम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती मला. इतकं बजावलं होतं."

"बाई, माज्या घरात सतरा वर्सं झाली, हळद फकस्त कालवणात पडती. आमी बौद्ध हाओत. पूजा न्हाई आमच्यात. ह्या समद्यांना ठावं हाय. इचारा."

बाईंनी हळूहळू सगळ्यांकडं पाहिलं. एकेक जण आपापल्या मशीनकडं वळला. कुणी ड्रिल तपासायला लागला, कुणी चष्मा पुसायला. सगळ्यात शेवटी त्यांनी सदाशिवरावांना विचारलं, "मिस्तरी, खरं काय?"

एक वाक्य पुरलं असतं. कोंडीराम त्यांच्या तोंडाकडं बघत होता, अजूनही, इतकं होऊनसुद्धा, आशेनं. कारण हाच माणूस बारा वर्षं त्याच खंडेनवमीवरून त्याच्यासाठी भांडला होता.

सदाशिवराव म्हणाले, "सही त्याची हाय, बाई."

शेठनी घाईघाईनं चहाची ऑर्डर दिली. निघताना बाई शेडशी थांबल्या. त्यांना कळलं होतं, डोळ्यांवरून दिसत होतं. "मला एक पोस्टकार्ड टाकायचं होतंत हो! आता जोडणीला सदाशिवरावांचं नाव गेलंय, पास निघालेत. पुढच्या जोडीला बघू." त्यांचाही इलाज नव्हता, किंवा त्यांनी तो शोधला नाही. पुढची जोडी आलीच नाही. दोन वर्षांत प्रयोगशाळेतलं या इंजिनाचं खातं बंद पडलं, पैसा दुसऱ्या कामांकडं वळला, असं पेपरात चार ओळींत आलं होतं.

कोंडीरामनं शहात्तर साली खासनिसांचं वर्कशॉप सोडलं आणि आकुर्डीच्या एका कारखान्यात लागला. चांगलं चाललं. सदाशिवराव वाटेत दिसले तर तो रस्ता ओलांडायचा. सात वर्षं एक शब्द बोलला नाही. भांडलाही नाही, शिवी दिली नाही. प्रभावती म्हणायची, एकदा तरी वरडा, मोकळं व्हाल. नाही ओरडला.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात सदाशिवराव आपण होऊन आले. फोरमन होऊन रिटायर झाले होते. पाठ वाकलेली, हातात काठी. प्रभावतीनं दार उघडलं आणि आत बोलावलं नाही, तरी ते आले, सतरंजीची वाट न बघता जमिनीवर बसले.

"कोंडीराम, मला झोप लागत न्हाई. तेवडं सांगून जातो."

कोंडीराम खाटेवर बसून होता. तो उठून गेला नाही, आणि का ते प्रभावतीला बरोबर कळलं. हा माणूस तिथं गेला होता. त्या खिडकीपाशी. सात वर्षं पोटात दाबून ठेवलेली भूक वर आली, आणि ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून रस्ता ओलांडला त्याच्याच तोंडाकडं तो बघायला लागला. शेवटी न राहवून त्यानं विचारलं.

"समदी पेटली का? भोकं. का मधली कंची राहिली?"

सदाशिवरावांनी मान हलवली. "म्या बघितलंच न्हाई रं. बाई म्हनल्या, या मिस्तरी फुडं. समदे खिडकीशी गेले. आतनं आवाज आला, पेटलं पेटलं. माजे पाय उचलंनात. तुजी जागा ती. तुजी जागा म्या कशी घिऊ? म्या भायेर व्हरांड्यात जाऊन बसलो." ते त्याच्याकडं आशेनं बघत होते. एवढं तरी त्यांनी त्याच्यासाठी राखलं होतं, असं त्यांना खरंच वाटत होतं. "देवाशपत, एका डोळ्यानंबी बघितलं न्हाई."

कोंडीराम उठला, आणि सही केली तेव्हा जे झालं नव्हतं, शेडमध्ये टाकलं तेव्हा झालं नव्हतं, सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हाही झालं नव्हतं, ते आत्ता झालं. तो ओरडला. पलीकडच्या घरातली माणसं दारात आली.

"अवो, बघायचं तरी हुतं! माजं नाव घेतलं, माजं काम घेतलं, माजी जागा घेतली, आन् बघितलंबी न्हाई? मिस्तरी, निदान बघायचं तरी हुतं की वो!"